देशावरून सागराकडे : कोर्लई द्वीपकल्पाचा इतिहास आणि अल्पकालीन सहलीचा उदय

सारांश

महाराष्ट्राच्या देश विभागातील गावांतून कोकण किनाऱ्यावर दोन-तीन दिवसांच्या सहलीसाठी जाण्याची प्रथा आता सर्वसामान्य झाली आहे. ही प्रथा वरवर पाहता केवळ करमणुकीची वाटत असली तरी तिच्या मागे सुट्टी, दळणवळण आणि शासकीय धोरण यांचा दीर्घ इतिहास आहे. प्रस्तुत शोधनिबंधात बारामती तालुक्यातील लोणी भापकर या जिरायती गावाचा परिसर आणि रायगड जिल्ह्यातील कोर्लईचे द्वीपकल्प ही दोन टोके घेऊन देश व सागरकिनारा यांच्यातील संबंधांचा ऐतिहासिक मागोवा घेतला आहे. ज्या किनाऱ्याकडे देशावरील माणूस आज पाहुणा म्हणून जातो, तो किनारा मध्ययुगात त्याच्याच राज्याचा भाग होता. तेथील समाज, भाषा व समुद्र यांविषयीच्या ज्ञानाविना होणारी सहल अपुरीच राहते, शिवाय प्रसंगी ती धोक्याची ठरते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : द्वीपकल्प, चौल, कोर्लई, निजामशाही, पोर्तुगीज, नौ लिंग, सुट्टी, शैक्षणिक सहल.

प्रस्तावना

पर्यटनाचा इतिहास हा विषय मराठीतील इतिहासलेखनात बराच काळ दुर्लक्षित राहिला. लढाया, तह, राजवटी आणि घराणी यांच्या तुलनेत माणसाच्या विरंगुळ्याला इतिहासाचे साधन मानण्याची परंपरा आपल्याकडे नव्हती. तीर्थयात्रांचा अभ्यास झाला, व्यापारी मार्गांचाही झाला. परंतु शनिवारी पहाटे निघून रविवारी रात्री परत येणाऱ्या कुटुंबाचा प्रवास हा अभ्यासाचा विषय होऊ शकतो, याची जाणीव अलीकडची आहे. वास्तविक कोणता समाज कोणत्या काळात कोठे व किती दिवसांसाठी फिरावयास जातो, यावरून त्या समाजाची आर्थिक स्थिती, श्रमाचे नियम, रस्त्यांची अवस्था आणि निसर्गाकडे पाहण्याची दृष्टी या चारही गोष्टींवर प्रकाश पडतो.

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.

१) देश व कोकण किनारा यांच्यातील मध्ययुगीन संबंधांचे स्वरूप स्पष्ट करणे.
२) कोर्लई द्वीपकल्पाच्या राजकीय व सामाजिक इतिहासाचा आढावा घेणे.
३) अल्पकालीन सागरी सहलीचा उदय ज्या कारणांनी झाला त्यांचा शोध घेणे.
४) महाविद्यालयीन शैक्षणिक सहलीच्या संदर्भात या इतिहासाचे महत्त्व विशद करणे.

जिरायती गाव आणि समुद्राची प्रतिमा

लोणी भापकर हे पुणे जिल्ह्याच्या बारामती तालुक्यातील गाव. बारामती म्हटले की निरा डाव्या कालव्याचे पाणी आणि ऊसाचे मळे डोळ्यांसमोर येतात. तथापि तालुक्याचा मोरगाव, सुपे, लोणी भापकर हा भाग प्रामुख्याने जिरायती आहे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येणाऱ्या या प्रदेशात बाजरी आणि ज्वारी ही पारंपरिक पिके, पावसाची अनिश्चितता आणि दुष्काळाची आठवण ही लोकजीवनाची अंगे राहिली आहेत. समुद्र येथून सरळ रेषेत फार दूर नसला तरी मध्ये सह्याद्री उभा असल्याने दैनंदिन जीवनाशी त्याचा संबंध येत नाही.

असे असूनही या गावात समुद्राची एक प्राचीन प्रतिमा आहे. येथील मल्लिकार्जुन मंदिर, त्यासमोरील पुष्करणी आणि यज्ञवराहाचे शिल्प यांमुळे लोणी भापकर मूर्तिशास्त्राच्या अभ्यासकांना परिचित आहे. मंदिर यादवकालीन स्थापत्यपरंपरेतील मानले जाते. वराह अवताराची कथा ही मुळात पाण्यात बुडालेल्या पृथ्वीच्या उद्धाराची कथा होय. जेथे पाण्याचा थेंब मोलाचा, तेथे अथांग जलातून भूमी वर काढणाऱ्या देवाची पूजा व्हावी, ही बाब लक्षणीय आहे. कोकणात याच्याशी समांतर अशी परशुरामाची कथा रूढ आहे. तीत समुद्र मागे हटविला जातो आणि जमीन प्रकट होते. दोन्ही कथांत समुद्राशी माणसाचे नाते भूमीच्या निमित्ताने जुळते. समुद्र पाहण्यासाठी, त्याच्या सौंदर्यासाठी समुद्राकडे जावे ही कल्पना दोन्हींत नाही. ती आधुनिक काळाची निर्मिती आहे.

देशावरील सत्ता आणि सागर

देशावरील राजसत्ता समुद्राकडे वळल्या त्या महसूल व व्यापार यांसाठी. देवगिरीच्या यादवांपैकी महादेव याने तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात उत्तर कोकणातील शिलाहार राजा सोमेश्वर याचा पराभव केला. या संघर्षात सोमेश्वराचा अंत समुद्रात झाला, असे हेमाद्रीच्या लेखनावरून समजते. मुंबईतील बोरिवलीजवळच्या एकसर येथील वीरगळांवर कोरलेले नौकायुद्ध काही अभ्यासक याच घटनेशी जोडतात. हा संबंध सर्वमान्य नसला तरी देशावरील सत्तेला किनाऱ्यासाठी जहाजांची गरज भासली, एवढे त्यावरून निश्चित दिसते.

पुढील काळात या संबंधाचे केंद्र चौल हे बंदर झाले. चौल अतिशय प्राचीन आहे. ग्रीक लेखकांनी त्याचा उल्लेख सिमुल्ला अशा नावांनी केला, तर अरब प्रवाशांनी त्यास सैमूर म्हटले. दहाव्या शतकाच्या आरंभी अल मसूदी या बंदरात येऊन गेला. इ. स. १४६९ च्या सुमारास अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी चौल येथे उतरला. त्याचा पुढील मार्ग विशेष महत्त्वाचा आहे. त्याने घाट चढून जुन्नर गाठले, पावसाळा तेथे काढला आणि नंतर तो बिदरकडे गेला. विकण्यासाठी आणलेला त्याचा घोडा जुन्नरच्या अधिकाऱ्याने काढून घेतला होता, असे त्याच्या वृत्तांतावरून कळते. चौलला उतरणारा माल आणि माणूस घाट चढून पुणे-जुन्नर परिसरात येत होता, याचा हा स्पष्ट पुरावा होय. रेवदंडा येथे निकितिनचे स्मारक २००२ साली उभारण्यात आले.

अहमदनगरची निजामशाही १४९० मध्ये स्थापन झाल्यानंतर चौल हे तिचे प्रमुख बंदर बनले. देशावरील घोडदळाला अरबी व इराणी घोडे लागत आणि ते समुद्रमार्गे येत. सुपे परगणाही निजामशाहीच्याच अमलाखाली होता व पुढे पुणे आणि सुपे ही मालोजी भोसले यांची जहागीर झाली, हे सर्वश्रुत आहे. याचा अर्थ असा की, सोळाव्या शतकात लोणी भापकरचा परिसर आणि कोर्लईचा डोंगर हे एकाच राज्याचे भाग होते. आजच्या सहलीत घाट उतरताना आपण दुसऱ्याच प्रदेशात जात आहोत अशी भावना होते. ती भौगोलिकदृष्ट्या खरी असली तरी इतिहासाच्या दृष्टीने अपुरी आहे.

कोर्लई : डोंगर, किल्ला आणि खाडी

कुंडलिका नदी ज्या ठिकाणी अरबी समुद्राला मिळते तेथे खाडीच्या उत्तरेस रेवदंडा आणि दक्षिणेस कोर्लई आहे. कोर्लईचा डोंगर लांबट व अरुंद असून तो उत्तरेकडे समुद्रात घुसला आहे. पश्चिमेस खुला समुद्र, पूर्वेस खाडी, उत्तरेस खाडीचे मुख आणि दक्षिणेस जमिनीचा चिंचोळा दुवा अशी त्याची रचना आहे. माथ्यावरून एका बाजूस समुद्राची भरती आणि दुसऱ्या बाजूस खाडीचे संथ पाणी एकाच वेळी दिसते. पर्यटकांना ज्या दृश्याचे आकर्षण वाटते, तेच दृश्य मध्ययुगीन सेनानींच्या दृष्टीने लष्करी महत्त्वाचे होते. या डोंगरावर तोफा असणाऱ्याच्या हाती खाडीत येणारे-जाणारे प्रत्येक जहाज होते.

पोर्तुगीजांचा या किनाऱ्याशी संबंध सोळाव्या शतकाच्या आरंभी आला. मार्च १५०८ मध्ये चौलच्या पाण्यात झालेल्या युद्धात इजिप्तच्या मामलुक व गुजरातच्या संयुक्त आरमाराने पोर्तुगीजांचा पराभव केला. त्यात व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द अल्मेदा याचा पुत्र लोरेन्सो मारला गेला. १५२१ मध्ये निजामशहाच्या संमतीने पोर्तुगीजांना वखार बांधण्याची परवानगी मिळाली आणि रेवदंड्याची तटबंदी उभी राहू लागली. आरंभीचे सलोख्याचे संबंध कालांतराने बिघडले. १५७०-७१ मध्ये मुर्तजा निजामशहाने चौलला वेढा घातला. तथापि त्याला यश आले नाही.

या अपयशानंतर खाडीच्या दुसऱ्या तीरावरून पोर्तुगीजांची कोंडी करण्याचा विचार पुढे आला. दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहाच्या काळात कोर्लईच्या डोंगरावर किल्ला उभारण्यात आला. तेथील तोफांचा मारा रेवदंड्यावर होऊ लागल्यावर पोर्तुगीजांना स्वस्थ बसणे शक्य नव्हते. १५९४ मध्ये त्यांनी हल्ला करून हा किल्ला जिंकला आणि त्यानंतर जवळजवळ दीडशे वर्षे तो त्यांच्याकडे राहिला. पोर्तुगीज लेखनात या डोंगराचा निर्देश मोरो, म्हणजे टेकडी, असा येतो. या काळातील चर्चचे अवशेष, शिलालेख, तोफा आणि एकामागून एक येणारे दरवाजे आजही पाहावयास मिळतात.

मराठ्यांचे लक्ष या भागाकडे शिवकाळापासूनच होते. १६८३ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांच्या फौजांनी चौलला वेढा दिला. परंतु निर्णायक बदल घडला तो चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेनंतर. १७३९ मध्ये वसई पडल्यावर उत्तर कोकणातील पोर्तुगीज सत्तेचा कणा मोडला. कोर्लईस वेढा घालण्याचे काम सुभानराव माणकर यांच्याकडे देण्यात आले आणि १७४० च्या तहानुसार चौल, रेवदंडा व कोर्लई मराठ्यांच्या ताब्यात आले. किल्ल्यातील महादेवाचे छोटे देऊळ आणि तुळशीवृंदावन ही नंतरच्या अमलाची खूण होय. १८१८ मध्ये पेशवाईचा अस्त झाल्यावर किल्ला इंग्रजांकडे गेला आणि त्याचे लष्करी महत्त्व संपले.

या अवशेषांची पद्धतशीर नोंद एकोणिसाव्या शतकात झाली. डॉ. जे. गर्सन द कुन्हा या गोमंतकीय वैद्य-संशोधकाने चौल व वसई यांच्या इतिहासावरील आपला ग्रंथ १८७६ मध्ये प्रसिद्ध केला. १८८३ च्या कुलाबा जिल्हा गॅझेटियरमध्येही कोर्लईचे तपशीलवार वर्णन आले. या दोन्ही ग्रंथांचे लेखक किल्ल्यावर गेले ते अवशेष मोजण्यासाठी व शिलालेख वाचण्यासाठी. आजचा पर्यटक ज्या पायऱ्यांवरून तासाभरात वर जाऊन खाली येतो, तेथे या अभ्यासकांनी किती बारकाईने पाहिले होते, हे त्यांच्या नोंदींवरून ध्यानात येते.

सत्तांतरानंतर मागे राहिलेली माणसे

राजकीय इतिहास १७४० मध्ये एक अध्याय संपवितो. समाजाचा इतिहास मात्र तेथे संपत नाही. पोर्तुगीज अधिकारी, सैनिक आणि संपन्न कुटुंबे गोव्याकडे निघून गेली. गरीब ख्रिस्ती कुटुंबे डोंगराच्या पायथ्याशी कोर्लईतच राहिली. एका बाजूस समुद्र, दुसऱ्या बाजूस खाडी आणि भोवती मराठी भाषिक वस्ती अशा स्थितीत या समाजाने पोर्तुगीजवर आधारित अशी आपली स्वतंत्र बोली टिकवून धरली. ही माणसे तिला नौ लिंग, म्हणजे ‘आमची भाषा’, असे म्हणतात.

भाषाशास्त्रज्ञ जे. क्लान्सी क्लेमेंट्स यांनी या बोलीचा दीर्घकाळ अभ्यास करून १९९६ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. तिचे शब्द बहुतांशी पोर्तुगीज असले तरी वाक्याची ठेवण मराठीच्या सहवासाने बदललेली आहे. पोर्तुगीज भाषेत क्रियापद सामान्यतः कर्माच्या आधी येते. कोर्लईच्या बोलीत मात्र ते मराठीप्रमाणे वाक्याच्या शेवटी येते. हजाराच्या आसपास भाषकांची ही बोली लिखित परंपरेविना, केवळ घरातील व गल्लीतील वापरावर जगली. येथील मुले शाळेत मराठी शिकतात, बाजारात मराठी बोलतात आणि घरी नौ लिंग बोलतात. शेकडो वर्षांपूर्वीच्या एका राजवटीचा सर्वांत सजीव अवशेष किल्ल्याच्या तटात नसून गावातील बोलण्यात आहे, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती ठरणार नाही.

बोली टिकण्याचे एक कारण तिचे भौगोलिक एकाकीपण हे होते. १९८० च्या दशकात रेवदंडा आणि साळाव यांना जोडणारा पूल झाला आणि कोर्लईला जाण्यासाठी खाडी नावेने ओलांडण्याची गरज उरली नाही. पुलामुळे रोजगार, शिक्षण आणि वैद्यकीय मदत जवळ आली. त्याच पुलावरून पर्यटकही आले. गावाच्या दृष्टीने हा बदल हितकारक होता, परंतु ज्या एकाकीपणामुळे बोली जगली तेच संपल्याने तिच्या भवितव्याचा प्रश्न निर्माण झाला. या विसंगतीला सोपे उत्तर नाही. भाषा टिकावी म्हणून माणसांनी एकाकी राहावे, असे म्हणण्याचा अधिकार बाहेरच्या कोणालाही नाही.

सुट्टीचा इतिहास

देशावरील सामान्य माणूस किनाऱ्यावर पाहुणा म्हणून केव्हा जाऊ लागला, याचे उत्तर प्रथम सुट्टीच्या इतिहासात शोधावे लागते. कृषिप्रधान समाजात विश्रांतीचे दिवस सण, जत्रा आणि बाजार यांनी ठरत. बैलाचा खांदा पोळ्याला मोकळा होई, माणसाचा गावच्या जत्रेला. दर सात दिवसांनी एक दिवस काम थांबावे ही व्यवस्था गिरणी व कचेरी यांच्याबरोबर आली आणि तीही सहजासहजी मिळाली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईतील गिरणी कामगारांची संघटना उभारली. त्यांच्या प्रयत्नांतून १० जून १८९० रोजी कामगारांना रविवारची साप्ताहिक सुट्टी मान्य झाली. समुद्रकिनाऱ्यावर रविवार घालविणाऱ्या प्रत्येकाच्या विरंगुळ्यामागे हा लढा आहे.

दरम्यान सत्ताधारी व संपन्न वर्गांत हवापालटाची कल्पना रुजली होती. इंग्रजांनी उन्हाळ्यापासून सुटका म्हणून डोंगर निवडले. महाबळेश्वरचा विकास १८२० च्या दशकाच्या अखेरीस झाला, तर माथेरानचा शोध ह्यू मॅलेट याने १८५० मध्ये घेतला. किनारा मात्र उष्ण व दमट म्हणून त्यांनी हवापालटासाठी टाळला. कोकण किनाऱ्यावर जाणारा प्रवासी म्हणजे मुख्यतः मुंबईत नोकरी करणारा आणि सणासाठी गावी परतणारा चाकरमानी होता. त्याचा प्रवास बोटीने होई आणि तो धोक्याचा असे. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट वादळात बुडाली व सहाशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. अमावास्येच्या निमित्ताने घरी निघालेल्या या प्रवाशांची स्मृती अलिबाग परिसरात दीर्घकाळ राहिली.

स्वातंत्र्योत्तर काळात ही स्थिती क्रमाने पालटली. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली आणि पुढील दोन-तीन दशकांत एस. टी. घाटाखाली व घाटावर गावोगाव पोहोचली. १९७५ मध्ये महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्थापना झाली. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली आणि २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग पूर्ण झाला. लोणी भापकरहून मोरगाव, जेजुरी, सासवड, पुणे, खोपोली, अलिबाग असे करीत कोर्लईपर्यंतचे सुमारे अडीचशे किलोमीटरचे अंतर एका दिवसात तोडता येणे हे या बदलाचे फलित होय. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य शासकीय कर्मचाऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला. त्याच वर्षाच्या मार्चमध्ये भाऊचा धक्का-मांडवा ही वाहने नेणारी रो-रो सेवा सुरू झाली. जानेवारी २०२४ मध्ये मुंबई व नवी मुंबई यांना जोडणारा अटल सेतू खुला झाला. शनिवार-रविवारची सहल ही आता व्यक्तीची हौस राहिली नसून सेवानियम, वाहन आणि रस्ता यांनी घडविलेली सामाजिक प्रथा बनली आहे.

या ठिकाणी एक मर्यादाही नोंदविली पाहिजे. सुट्टीचे हे समान वाटप नाही. लोणी भापकरमधील पगारदार कुटुंबाला दोन दिवस मोकळे मिळतात. दावणीला दुभती जनावरे असणाऱ्या शेतकऱ्याला सकाळ-संध्याकाळच्या धारेपासून सुटका नाही. त्याच गावातील शेतमजुराचा खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडणे होय. कोर्लईतील मच्छीमाराची स्थितीही अशीच आहे. दरवर्षी पावसाळ्यात यांत्रिक मासेमारीला बंदी असते. तो काळ त्याच्या दृष्टीने सुट्टी नसून उत्पन्नाविना काढावयाचे दिवस असतात. देशावरचा कोरडवाहू शेतकरी आणि किनाऱ्यावरचा मच्छीमार यांच्यात साम्य आहे ते या अनिश्चिततेचे. सहलीत हे दोघे सहसा एकमेकांना भेटत नाहीत.

समुद्राचे ज्ञान आणि शैक्षणिक सहल

देशावरील माणसाचे पाण्याविषयीचे ज्ञान विहीर, ओढा, नदी आणि कालवा यांतून आलेले असते. या पाण्याची वागणूक ऋतूनुसार बदलते. समुद्राचे पाणी दिवसातून दोनदा चढते व दोनदा उतरते आणि दररोज ही वेळ सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती येते, अष्टमीच्या आसपास भरती-ओहोटीतील फरक कमी असतो व त्यास किनाऱ्यावर भांग म्हणतात. भरतीची वेळ काढण्याची कोकणातील पारंपरिक रीत अत्यंत सोपी आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली असता भरतीचा अंदाजे तास मिळतो. उदाहरणार्थ, चतुर्थीस पूर्ण भरती तीनच्या सुमारास येईल. विशेष म्हणजे देशावरील प्रत्येक घरात दिनदर्शिका असते व तिच्यात तिथी असते. संकष्टी आणि एकादशी पाहण्यासाठी जिचा उपयोग होतो, तीच तिथी समुद्राची वेळ सांगते, एवढे मात्र देशावर माहीत नसते.

या अज्ञानाची किंमत मोठी आहे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी कोर्लईपासून फार दूर नसलेल्या मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्यातील एका महाविद्यालयाच्या सहलीतील चौदा विद्यार्थी बुडून मरण पावले. पुणे जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या दृष्टीने ही घटना कायमची लक्षात ठेवण्याजोगी आहे. अशा घटनेनंतर साहजिकच सहलींवर निर्बंध येतात, परवानग्या वाढतात आणि हमीपत्रे घेतली जातात. या उपायांची आवश्यकता नाकारता येत नाही. तथापि हमीपत्राने समुद्र समजत नाही. सहलीपूर्वी भरती-ओहोटीची वेळ काढून ती फळ्यावर लिहिणे, त्या गावच्या कोळी बांधवांना विचारल्याविना पाण्यात न उतरण्याचा नियम करणे आणि मुक्कामाच्या जागेइतकेच महत्त्व या माहितीस देणे, हा अभ्यासक्रमाचा भाग व्हावयास हवा.

इतिहास विभागाच्या सहलीबाबत आणखी एक गोष्ट नमूद करावी लागेल. एका दिवसात मुरूड, काशीद, कोर्लई, रेवदंडा, चौल व अलिबाग उरकण्याचा प्रघात आहे. त्यात विद्यार्थी प्रत्येक ठिकाणी छायाचित्रापुरता थांबतो. याउलट कोर्लई व रेवदंडा या दोनच ठिकाणी पूर्ण दिवस दिल्यास खाडीच्या दोन तीरांवरील तोफांचा संबंध प्रत्यक्ष समजतो. रेवदंड्याच्या सातखणी मनोऱ्यापासून समोरचा डोंगर पाहिल्यावर निजामशहाने तेथे किल्ला का बांधला, हे सांगावे लागत नाही. गावात जाताना तेथील बोली हे प्रदर्शनातील वस्तू नव्हे, याचे भान विद्यार्थ्यांना आधी देणे अगत्याचे आहे. कोणाच्याही दारात उभे राहून ‘तुमच्या भाषेत काहीतरी बोलून दाखवा’ अशी मागणी करणे हे अभ्यासाचे लक्षण नाही. लोणी भापकरच्या मंदिरात आलेल्या परक्या माणसाने गावकऱ्यांशी जसे वागावे अशी अपेक्षा असते, तसेच आपण कोर्लईत वागले पाहिजे.

किनाऱ्याची नाजूकता हाही विचारात घेण्याचा विषय आहे. १९ फेब्रुवारी १९९१ च्या अधिसूचनेने देशात प्रथमच सागरकिनारा नियमन क्षेत्र ठरविण्यात आले. त्यानंतर या नियमांत वेळोवेळी बदल झाले. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि नारळी-पोफळीच्या बागा, घरे व बोटी यांची मोठी हानी झाली. सुपारीच्या बागेला पुन्हा उत्पन्न देण्यास कित्येक वर्षे लागतात. दुष्काळात फळबाग जळालेल्या देशावरील शेतकऱ्याला ही हानी समजावून सांगण्याची गरज पडू नये.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला असा की, देश व सागरकिनारा यांचा संबंध पर्यटनाने प्रथम जोडला असे नसून तो यादव, निजामशाही व मराठा काळात राज्यव्यवहार आणि व्यापार यांद्वारे दृढ होता. सुपे परगणा आणि चौल बंदर हे एकाच राजकीय व्यवस्थेचे घटक होते. दुसरा असा की, कोर्लईचे द्वीपकल्प ज्या रचनेमुळे आज रमणीय वाटते, त्याच रचनेमुळे ते सतत संघर्षाचे कारण ठरले आणि त्या संघर्षातून मागे राहिलेल्या समाजाने एक आगळी भाषा जतन केली. तिसरा असा की, अल्पकालीन सहल ही श्रमिकांनी मिळविलेली सुट्टी, सार्वजनिक वाहतूक व शासकीय धोरण यांचे अपत्य आहे आणि तिचा लाभ अद्याप सर्वांना सारखा मिळत नाही. चौथा व अखेरचा असा की, समुद्र आणि तेथील माणसे यांविषयी पूर्वज्ञान दिल्याविना विद्यार्थ्यांना किनाऱ्यावर नेणे हे शिक्षकाच्या कर्तव्यात उणीव ठेवणे होय.

देशावरील महाविद्यालयांतून इतिहास व भूगोल विभागांनी एकत्रितपणे किनाऱ्यावरील एकेका ठिकाणाची अभ्याससहल आखल्यास, तिची पूर्वतयारी वर्गात करून घेतल्यास आणि परतल्यावर विद्यार्थ्यांकडून आपल्या गावाच्या व त्या गावाच्या इतिहासाची तुलना लिहून घेतल्यास या विषयाला नवे साहित्य मिळेल. गावोगावच्या कुटुंबांनी पहिल्यांदा समुद्र केव्हा व कसा पाहिला, याच्या मौखिक नोंदी वृद्ध पिढी हयात आहे तोवर घेणे आवश्यक आहे. त्या नोंदींचे काम लोणी भापकरसारख्या जिरायती गावांतून सुरू होणे अधिक उचित ठरेल, कारण पाण्याचे मोल तेथे सर्वांनाच ठाऊक आहे.